स्थापत्यविशारद विश्वेश्वरय्या

पुस्तकातील गणित चुकले, तर विद्यार्थ्याचे गुण कमी होतात. परंतु धरणाचे किंवा पुलाचे गणित चुकले, तर त्याचा दंड गावेच्या गावे भरतात. म्हणूनच स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासकाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली परीक्षा विद्यापीठाच्या दालनात, कागदावर होते. दुसरी नदीच्या पात्रात होते आणि तेथे परीक्षक असते खुद्द पाणी! हा परीक्षक कोणाची भीड धरीत नाही व कोणाची सबबही ऐकत नाही. या दोन्ही परीक्षांत उत्तम यश मिळविणारे थोर भारतीय अभियंते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांची पहिली परीक्षा पुण्यात झाली आणि दुसरीचा आरंभ खानदेशात, पांझरा नदीच्या वाळूत झाला.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात झाला. त्यांचे वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. घरात विद्या होती, पण वैभव नव्हते. त्यातच विश्वेश्वरय्या शाळकरी वयात असतानाच वडिलांचे छत्र हरपले. घरची स्थिती आणखीच बिकट झाली. अशा वेळी बंगळूर येथे राहणारे त्यांचे मामा रामय्या यांनी भाच्याला आधार दिला. मुलाची बुद्धी तल्लख आहे, ती खेड्यात वाया जाऊ नये, या विचाराने त्यांनी त्याच्या शिक्षणाला हातभार लावला.

विश्वेश्वरय्या बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकू लागले. केवळ मामांच्या मदतीवर भार टाकून राहणे त्या स्वाभिमानी तरुणाला रुचणारे नव्हते. एका कुर्गी अधिकाऱ्याच्या घरी मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले. दिवसा स्वतः शिकायचे आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांना शिकवायचे, असा त्यांचा क्रम होता. वेळेचा काटेकोर हिशेब ठेवण्याची जी सवय पुढे जन्मभर त्यांच्या अंगी दिसली, तिला अशा जीवनक्रमाने बळ दिले असेल, यात नवल ते काय? कॉलेजचे प्राचार्य चार्ल्स वॉटर्स यांचे या विद्यार्थ्याकडे विशेष लक्ष होते. त्यांनी आपल्या लाडक्या शिष्याला एक इंग्रजी शब्दकोश भेट दिला. गरीब विद्यार्थ्याला असा ग्रंथ विकत घेणे अवघड. विश्वेश्वरय्यांनी गुरूची ही आठवण प्रेमाने जपली. इ. स. १८८१ मध्ये ते बी. ए. ची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले.

पदवी मिळाली; आता पुढे काय? त्या काळी पदवीधराला सरकारी कचेरीत नोकरी मिळणे फारसे कठीण नव्हते. घरच्या गरिबीकडे पाहता तोच मार्ग कोणालाही योग्य वाटला असता. परंतु विश्वेश्वरय्यांची दृष्टी स्थापत्यशास्त्राकडे वळली होती. हे शिक्षण घेण्यासाठी दूरच्या पुणे शहरी जावे लागणार होते आणि त्याला लागणारा पैसा जवळ नव्हता. म्हैसूर संस्थानाचे दिवाण रंगाचार्लू यांच्या काळात या हुशार तरुणाला संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि त्याच्या जीवनाची दिशा निश्चित झाली. एका शिष्यवृत्तीचे मोल किती असते, हे पाहायचे असेल तर विश्वेश्वरय्यांचे पुढील चरित्र पाहावे. त्या थोड्याशा रुपयांतून पुढे देशाला धरणे, कालवे, कारखाने आणि विद्यालये मिळाली.

पुण्यास मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमाजवळ अभियांत्रिकीचे एक जुने विद्यालय आहे. सरकारच्या बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ कर्मचारी तयार करणारी लहान शाळा म्हणून इ. स. १८५४ मध्ये त्याचा आरंभ झाला. पुढे मुंबई विद्यापीठाशी ते जोडले गेले आणि विश्वेश्वरय्या तेथे शिकायला आले तेव्हा सायन्स कॉलेज या नावाने ओळखले जात होते. थिओडोर कूक हे त्या वेळी तेथील प्राचार्य होते. इ. स. १९११ मध्ये त्याला अभियांत्रिकी महाविद्यालय हे नाव मिळाले व इ. स. २०२२ मध्ये ते स्वतंत्र विद्यापीठ झाले.

स्थापत्यशास्त्राचा अभ्यास म्हणजे नेमके काय, हे येथे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. घर बांधणारा गवंडी आणि अभियंता यांच्यात भेद काय? गवंड्याचा हात कुशल असतो. भिंत सरळ कशी उभी करावी, हे त्याला अनुभवाने कळते. परंतु तीच भिंत शंभर फूट उंच बांधून तिच्यामागे पाण्याचा सागर अडवायचा असेल, तर केवळ अनुभव पुरा पडत नाही. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब अधिक. म्हणून धरणाची भिंत तळाशी रुंद ठेवावी लागते. ती किती रुंद ठेवावी, याचे उत्तर गणित देते. कालव्याला उतार किती द्यावा, हेही गणितच सांगते. उतार अधिक झाला तर वेगाने वाहणारे पाणी कालव्याचा तळ उकरून टाकते. कमी झाला तर गाळ साचून कालवा बुजतो. जमिनीची मोजणी, नकाशे काढणे, दगड, चुना व लोखंड यांचे बळ जाणणे, पाण्याच्या गतीचे नियम समजून घेणे, अशा अनेक गोष्टी या अभ्यासकाला आत्मसात कराव्या लागतात. शिवाय खर्चाचा अंदाजही बांधावा लागतो. कारण प्रत्येक धरणात लोकांचाच पैसा असतो.

विश्वेश्वरय्यांनी हा अभ्यास अत्यंत निष्ठेने केला. त्या काळी या विषयाच्या पदवीला एल. सी. ई. असे म्हणत. या परीक्षेत जो पहिला येई, त्याला मुंबई सरकार आपल्या बांधकाम खात्यात सहायक अभियंत्याची जागा देत असे. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट! दुसरा क्रमांक आला तरी विद्या तीच राहणार होती. परंतु खात्रीची नोकरी हातची जाणार होती. इ. स. १८८३ मध्ये परीक्षा झाली आणि विश्वेश्वरय्या साऱ्या मुंबई इलाख्यात पहिले आले. जेम्स बर्कले यांच्या नावाचे पारितोषिकही त्यांना मिळाले. हे बर्कले म्हणजे मुंबईपासून ठाण्यापर्यंत इ. स. १८५३ मध्ये धावलेल्या पहिल्या आगगाडीचा मार्ग बांधणारे मुख्य अभियंते होत. अशा कर्त्या पुरुषाच्या नावाचे पारितोषिक योग्य हाती पडले, असेच म्हटले पाहिजे.

इ. स. १८८४ मध्ये विश्वेश्वरय्या सहायक अभियंता म्हणून सरकारी सेवेत रुजू झाले. नाशिकनंतर थोड्याच काळात त्यांना खानदेशात काम करावे लागले. त्या वेळी खानदेश हा एकच अवाढव्य जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळे येथे होते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला तळोदा तालुकाही याच जिल्ह्यात मोडत असे. इ. स. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा तळोदा पश्चिम खानदेशात आला. त्याच पश्चिम खानदेशाला पुढे धुळे जिल्हा हे नाव मिळाले व १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणून तळोद्याच्या किंवा नंदुरबारच्या मुलांनी या तरुण अभियंत्याला आपल्याच जुन्या जिल्ह्यातला मानावे. त्यात काही वावगे नाही.

खानदेशातील पाणी मोठे लहरी. उन्हाळ्यात नद्यांच्या पात्रांत वाळूच वाळू दिसते, आणि पावसाळ्यात त्याच नद्या एका रात्रीत दुथडी भरून वाहू लागतात. पांझरा ही अशीच एक नदी. साक्रीकडून वाहत येऊन ती धुळ्याजवळून जाते व पुढे तापीला मिळते. तिच्या काठच्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीपासून ठिकठिकाणी बंधारे बांधून पाटाने पाणी शेतात नेले होते. या व्यवस्थेला फड पद्धत म्हणतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे, त्यांना फड म्हणायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फडांतील पिके बदलत जायची, अशी ही रीत. पाणी कोणाला केव्हा मिळावे, हे गावकरीच ठरवीत आणि पाटकरी ते प्रत्येकाच्या शेतात पोचवी. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यांनी उभारलेली ही शहाणपणाची व्यवस्था होती.

याच पांझरेवर दातर्ती या गावाजवळ विश्वेश्वरय्यांना एक काम सोपविण्यात आले. पाटाचे पाणी नदीच्या एका प्रवाहापलीकडे न्यायचे होते. पाणी नदी ओलांडून कसे जाणार? त्यासाठी नदीच्या तळाखालून नळ टाकावा लागतो. एका काठावर पाणी नळात शिरते, खाली उतरते, नदीच्या पोटाखालून जाते आणि दुसऱ्या काठावर पुन्हा वर येते. पाणी आपली पातळी शोधते, हा शाळेत शिकविला जाणारा साधा नियमच येथे कामी येतो. मात्र पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडे खाली असावे लागते. कागदावर ही आकृती काढणे सोपे आहे. पण नळ पुरण्यासाठी वाहत्या नदीच्या पात्रात चर खणावा लागतो आणि तेथेच खरी कसोटी लागते.

काम चालू असतानाच पावसाळा सुरू झाला. नदीला पाणी आले. कष्टाने खणलेला चर वाळूने भरून गेला. मजुरांनी तो उपसावा आणि नदीने पुन्हा भरावा, असा प्रकार होऊ लागला. विश्वेश्वरय्या तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे होते. पाऊस संपेपर्यंत काम थांबविणे बरे, असे त्यांना वाटले आणि तसे त्यांनी वरिष्ठ अभियंत्यांना कळविले. ही सूचना अविचाराची नव्हती; पुरात काम करण्यात पैशाचा अपव्यय होता आणि धोकाही होता. परंतु वरिष्ठांना ती रुचली नाही. नव्या अधिकाऱ्याला कामाची टाळाटाळ करायची आहे, असा त्यांचा ग्रह झाला आणि त्यांनी नाराजी व्यक्त केली.

परीक्षेत पहिल्या आलेल्या, स्वाभिमानी तरुणाला हे शब्द किती लागले असतील! अशा वेळी माणसापुढे दोन सोपे मार्ग असतात. रागावून वाद घालणे हा एक, आणि खचून जाऊन कसेबसे काम उरकणे हा दुसरा. विश्वेश्वरय्यांनी दोन्ही टाळले. त्यांनी आपले म्हणणे प्रामाणिकपणे मांडले होते. निर्णय विरुद्ध झाल्यावर त्यांनी ते काम स्वतःचे मानले. पाऊस आणि पूर यांना तोंड देत त्यांनी चर पुन्हा मोकळा केला, नळ बसविला आणि काम पुरे करून दाखविले. ज्या वरिष्ठांनी नाराजी दर्शविली होती, त्यांनीच मग या कामाबद्दल समाधान व्यक्त केले. महाविद्यालयात जे शिकले, ते पाण्याच्या धारेत घासून येथे खरे झाले. पांझरेने या विद्यार्थ्याला उत्तीर्ण केले.

यानंतर विश्वेश्वरय्यांच्या कार्याचा विस्तार वाढतच गेला. सिंध प्रांतातील सक्कर या शहराला सिंधू नदीचे गढूळ पाणी स्वच्छ करून द्यायचे होते. पाणी गाळण्यासाठी मोठी कुंडे बांधण्याइतका पैसा तेथील नगरपालिकेजवळ नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली. वाळूच्या थरांतून झिरपत येणारे पाणी आपोआप गाळले जाऊ लागले. पांझरेकाठी ज्या वाळूने त्यांना छळले होते, तशाच वाळूला सिंधूकाठी त्यांनी कामाला लावले. इ. स. १८९५ मध्ये ही योजना पूर्ण झाली.

पुण्याजवळ खडकवासला येथे मुठा नदीवर जुने धरण होते. पावसाळ्यात त्याच्या सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात मात्र टंचाई भासे. सांडवा पक्क्या भिंतीने उंच करावा, तर महापुराच्या वेळी धरणाला धोका. मग करावे काय? विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दारांची योजना केली. ही दारे सुमारे आठ फूट अधिक पाणी अडवून धरीत. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले, की पाण्याच्याच बळाने ती उघडत, आणि पूर ओसरला की पुन्हा बंद होत. रात्री अपरात्री पूर आला तरी माणसाने धावत जाऊन दार उघडण्याची गरज उरली नाही. इ. स. १९०३ मध्ये ही दारे बसविण्यात आली. या शोधाचा हक्क त्यांच्या नावावर नोंदला होता. तरीही सरकारच्या सेवेत असताना केलेल्या कामाबद्दल वेगळा मोबदला घेणे त्यांना उचित वाटले नाही. ते जुने धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या प्रलयात फुटले. परंतु दारांची ती कल्पना तोपर्यंत ग्वाल्हेर आणि म्हैसूर येथील धरणांवरही वापरली गेली होती.

नीरा कालव्यावर प्रश्न निराळाच होता. कालव्याजवळचे शेतकरी उसाला बेसुमार पाणी देत. त्यामुळे जमीन चिबड होई, आणि दूरच्या शेतांना पाणीच पोचत नसे. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडून, प्रत्येक गटात उसाबरोबर इतर पिके आलटून पालटून घेण्याची आणि पाळीने पाणी देण्याची पद्धत सुचविली. आरंभी शेतकरी साशंक होते. त्यांची समजूत घालावी लागली. हळूहळू या पद्धतीचा लाभ त्यांना पटला. पांझराकाठच्या फडांची आठवण करून देणारी अशी ही योजना होती.

इ. स. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला प्रचंड पूर येऊन हैदराबाद शहरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधून पूर तेथेच रोखावा, असा आराखडा त्यांनी दिला. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय त्यातूनच उभे राहिले. इ. स. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. इ. स. १९११ मध्ये कावेरी नदीवर कृष्णराजसागर या भव्य धरणाचे काम सुरू झाले. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते शिकले होते, त्याच संस्थानाच्या शेतांना पाणी देण्याचे भाग्य त्यांना लाभले.

इ. स. १९१२ ते १९१८ या काळात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. हे पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आपल्या आप्तांना बजावले, की आपल्या अधिकाराचा उपयोग करून कोणी नोकरी किंवा सवलत मागू नये. दिवाण झाल्यावर त्यांनी सर्वाधिक आस्था दाखविली ती शिक्षणाविषयी. त्यांच्या कारकिर्दीत इ. स. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि इ. स. १९१७ मध्ये बंगळूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी त्यांना स्वतःला घर सोडून दूर जावे लागले होते. आपल्या संस्थानातील पुढच्या मुलांवर ती वेळ येऊ नये, याची तरतूद त्यांनी केली.

त्यांचे जीवन शंभर वर्षांहून अधिक लांबले आणि ते अखेरपर्यंत शिस्तीचे राहिले. वेळ पाळणे, नीटनेटका वेश, मोजके बोलणे आणि हाती घेतलेल्या विषयाचा मुळापासून अभ्यास, हे त्यांचे विशेष होते. इ. स. १९५५ मध्ये भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च किताब दिला. इ. स. १९६२ च्या एप्रिल महिन्यात बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. नागपूर येथे इ. स. १९६० मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले, आणि इ. स. १९९८ मध्ये स्थापन झालेले बेळगावचे तंत्रविद्या विद्यापीठही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या स्थापत्यशास्त्र शिकायला जाईल. तळोद्यासारख्या गावाहून निघून मोठ्या शहरातील महाविद्यालयात पाऊल टाकताना त्याचे मन थोडे बावरेलही. त्याने मुद्देनहळ्ळीच्या त्या पोरक्या मुलाचे स्मरण करावे. त्याच्याजवळ पैसा नव्हता. मामांचा आधार, गुरूचा स्नेह, एक शिष्यवृत्ती आणि स्वतःचे कष्ट, एवढेच भांडवल होते. परीक्षेत पहिला क्रमांक मिळाल्यावर आपले शिकणे संपले, असे त्याने मानले नाही. वाळूने भरलेला चर तो पुन्हा उपसू लागला, आणि खरा अभियंता त्या चरात घडला.